खालचा सूर : इचलकरंजीत बेस गिटार वाजवताना



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा आम्हाला बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "बेस म्हणजे तो डीजेचा का? छातीत धडधड होते तो?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडे 'बेस' म्हटलं की भिंतीएवढे स्पीकर डोळ्यांसमोर येतात. पण आज बोलायचंय ते माणसानं हातानं वाजवायच्या बेसबद्दल. म्हणजे चार जाड तारांची, लांब दांड्याची ती गिटार, जी ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत ड्रमच्या बाजूला उभी असते आणि जिच्याकडे कुणी बघत नाही. आम्ही म्हणजे ती वाजवणारी मंडळी. इचलकरंजी, हातकणंगले, शिरोळ, पलीकडं निपाणी-चिकोडीपर्यंत लग्नं, हळदी, जत्रा, उरूस, गणपती अशा ठिकाणी आम्ही वाजवतो. आमच्यातले काही दिवसा कारखान्यात असतात, काही दुकानात. संध्याकाळी छोट्या हत्तीत सामान टाकायचं आणि निघायचं.

हा सूर नक्की काय करतो, त्यासाठी काय सामान लागतं, आणि आपल्या भागात तो वाजवताना काय काय समोर येतं, हे आज क्रमानं सांगतो.

आधी सूर समजून घेऊ. आवाज म्हणजे कंपन. एका सेकंदाला किती कंपनं होतात त्याला हर्ट्झ म्हणतात. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा अशा असतात : सगळ्यात जाड तार 41, पुढची 55, मग 73 आणि शेवटची 98 हर्ट्झ. साध्या गिटारपेक्षा हे बरोबर एक सप्तक खाली. माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झपासून पुढं ऐकू येतं. म्हणजे आमची जाड तार ऐकण्याच्या तळाशीच बसलेली असते.

आता कुणी म्हणेल, हे परदेशी खूळ आपल्याकडं कशाला? तर खालच्या सुराची गरज आपल्याला नवीन नाही. ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा याच गावाचं नाव लावत, इचलकरंजीकर. ख्याल गाणाऱ्याच्या मागं तंबोरा असतो आणि तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते. गवई काळी एक पट्टीत गात असेल, तर ती खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर बोलते. बेस गिटारच्या दुसऱ्या तारेवर चौथ्या पट्टीच्या जागी बोट ठेवलं की नेमका तोच सूर येतो. हे तंबोरे जिथं बनतात ते मिरज इथून हाकेच्या अंतरावर आहे. तीच गोष्ट तालाची. कुस्तीच्या मैदानात नुसती हलगी वाजली तर अंगावर काटा येतो हे खरं, पण पाय जमिनीवर ठेका धरतात ते घुमक्यामुळं. खर्जाची तार आणि घुमकं, ही दोन्ही कामं एका माणसानं एकदम करायची, त्याचं नाव बेसवाला.

हिंदी चित्रपटसंगीतात आधी हे काम डबल बेस करायचा. उभा, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा, धनुकलीनं किंवा बोटांनी वाजणारा. तो टेम्पोत घालून जत्रेला नेणं शक्यच नाही. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. 34 इंच तार, गिटारसारखा गळ्यात अडकवायचा आणि दांड्यावर धातूच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांमुळं सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन, नेमकेपणाचं. पुढं मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार आली. राहुलदेव बर्मन यांच्या वादकांमधले टोनी वाझ यांचं नाव आमच्या लोकांत आदरानं घेतलं जातं. त्या काळातली गाणी हेडफोन लावून परत ऐका आणि फक्त खालच्या सुराकडं लक्ष द्या. ओळखीचं गाणं आतून वेगळंच दिसायला लागतं.

आता सामान. पहिला प्रश्न असतो, चार तारांचा बेस घ्यावा की पाच? पुस्तकात याचं उत्तर वेगळं असेल, आपल्याकडं ते पट्टीवर ठरतं. इंग्रजी रॉकमधली पुष्कळ गाणी पांढरी तीन म्हणजे ई सुरात असतात, कारण गिटारची मोकळी तारच ती. आपला गायक मात्र आपल्या गळ्याप्रमाणं पट्टी सांगतो. "काळी दोन घ्या." आता काळी दोनचा षड्ज चार तारांच्या बेसवर खाली कुठं आहे? कुठंच नाही. मोकळी जाड तार पांढरी तीनची, काळी दोन तिच्या अर्धा सूर खाली. म्हणजे तो षड्ज वरच्या सप्तकात, दुसऱ्या तारेच्या सहाव्या पट्टीवर, 78 हर्ट्झला घ्यावा लागतो. पाच तारांच्या बेसला खाली आणखी एक तार असते, 31 हर्ट्झची. तिच्या चौथ्या पट्टीवर काळी दोनचा खालचा षड्ज मिळतो, 39 हर्ट्झला. आपल्याकडं पाच तारांना मागणी आहे त्याला फॅशनइतकंच हेही कारण आहे. पण लगेच धावत जाऊन घेऊ नका. ते 39 हर्ट्झ स्पीकरमधून बाहेर यायला हवेत ना. ते कसं, हे पुढं येईलच.

दुसरी गोष्ट तारांची. बेसच्या तारांचा एक सेट साध्या गिटारच्या सेटपेक्षा कितीतरी महाग असतो. आणि आपल्याकडचा घाम, दमट हवा, हळदीच्या कार्यक्रमात उडालेली हळद, हे सगळं तारेच्या वेटोळ्यांत जाऊन बसतं. मग तार मंद होते, टणत्कार जातो. त्यावर जगभरचे बेसवाले एक जुना उपाय करतात, आम्हीही करतो. तारा काढायच्या, पातेल्यात पाणी उकळायचं, दहा मिनिटं तारा त्यात ठेवायच्या, फडक्यानं पुसून पूर्ण वाळवायच्या. वेटोळ्यातला मळ सुटतो आणि तार काही दिवस परत बोलते. हे कायमचं नाही, आणि दोन-तीनदा केलं की तार थकते. पण सुपारी उद्यावर आलीय आणि नव्या तारांचं पार्सल अजून पोचलेलं नाही, अशा वेळी उपयोगी पडतं. पातेलं मात्र चहाचं घेऊ नका, घरात भांडणं होतात.

तिसरी गोष्ट दांड्याची. दांडा लाकडाचा असतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात वाळतं, आणि दांडा थोडा वाकतो. मग तारा पट्ट्यांना घासून खरखर करतात किंवा इतक्या उंच जातात की बोटं सोलून निघतात. दांड्याच्या आत एक लोखंडी गज असतो. अॅलन की लावून तो किंचित आवळला किंवा सैल केला की दांडा सरळ होतो. इचलकरंजीत अॅलन की हातात न धरलेला माणूस शोधावा लागेल. मागावर काम करणाऱ्या जॉबरला हे शिकवायला पाच मिनिटं लागतात, कारण त्याला ताण म्हणजे काय हे आधीच ठाऊक असतं. फक्त एक सांगावं लागतं : एका वेळी पाव फेराच फिरवायचा, मग थांबायचं, सुरात लावून बघायचं. मागाच्या बोल्टसारखा दणकून आवळला तर गज तुटतो आणि दांडा कामातून जातो.

आता सगळ्यात खर्चाची गोष्ट, आवाज मोठा करणं. खालचा सूर मोठा करायला ताकद जास्त लागते, याची दोन कारणं आहेत. एक, आपला कान खालच्या सुरांना बहिरा आहे. हजार हर्ट्झचा आवाज जेवढा सहज ऐकू येतो, तेवढ्याच जोरात 40 हर्ट्झचा सूर ऐकू यायचा तर त्याची पातळी कितीतरी डेसिबल वर न्यावी लागते. दोन, वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो. आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला ताकद दहापट करावी लागते. त्यामुळं गिटारवाला 30 वॅटच्या डब्यावर खूश असतो आणि त्याच्या शेजारी उभा असलेला बेसवाला 200-300 वॅट मागतो. सेक्रेटरीला वाटतं याला मोठेपणा करायचाय. तसं नाही, गणितच तसं आहे.

बरं, ताकद मिळाली तरी स्पीकर कुठला? जत्रेत अजूनही खांबावर कर्णे असतात. कर्णा बोलण्यासाठी बनवलेला आहे. ढोबळमानानं अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं त्यातून काही येत नाही. मग बेसचा 41 हर्ट्झचा सूर खांबाखाली बसलेल्या आजींना कसा ऐकू जाणार? इथं एक गंमत आहे. तार 41 हर्ट्झला हलते तेव्हा ती त्याच्या पटीतही हलत असते, 82, 124, 165, 206, 247 आणि पुढं. कर्ण्यातून वरचे हे पटीतले सूर बाहेर पडतात. आणि आपला मेंदू त्या पटींमधलं अंतर बघून ठरवतो की मूळ सूर 41 चा असणार. जो सूर हवेत नाहीच, तो आपण ऐकतो. मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरवर गाण्यातला बेस कळतो तो याच कारणानं.

यातून एक धडा मिळतो. जागेवर छोटे स्पीकर किंवा कर्णे असतील, तर बेसवाल्यानं खालचं बटण फिरवत बसू नये. ते फिरवून फक्त अॅम्प्लिफायर तापतो. मधले सूर वाढवावेत, तार ब्रिजच्या थोडी जवळ छेडावी. आवाज एकट्यानं ऐकला तर जरा नाकातला वाटतो, पण गाण्यात तो बरोबर बसतो. उलट फरशी आणि पत्रा असलेल्या मंगल कार्यालयात खालचं बटण कमीच करावं. 41 हर्ट्झच्या सुराची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. ती भिंतीवर आपटून परत येते, कुठं दुप्पट होते, कुठं स्वतःलाच खाऊन टाकते. स्टेजवर बेस गायब आणि जेवणाच्या पंगतीत ताटं थरथरतायत, असं आम्ही कितीदा पाहिलंय. म्हणून कार्यक्रमाआधी लांब वायर लावून किंवा दुसऱ्याला वाजवायला सांगून एकदा हॉलच्या मागपर्यंत चालत जावं. श्रीमंत नारायणराव घोरपडे नाट्यगृहासारख्या ठिकाणी खुर्च्या आणि पडदे आवाज खातात, आणि माणसं भरली की आणखी खातात. रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज भरल्या हॉलमध्ये राहत नाही.

आता विजेकडं येतो. मंडळी, आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या वायरमधली वीज 50 हर्ट्झची. ती अॅम्पमध्ये शिरली की "हूंऽऽ" असा आवाज येतो. बेसवाल्याला तो दुप्पट छळतो, कारण जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा सूर, म्हणजे पांढरी पाच, 49 हर्ट्झचा आहे. एकानं फरक. तो सूर लांबवला की दर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो, जणू कुणी बटण वरखाली करतंय. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर सगळा कार्यक्रम तसाच. ही गुणगुण बहुतेक वेळा अर्थिंगच्या गोंधळानं येते. बेसचा अॅम्प एका बोर्डवर, साऊंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, दोन्हीकडचं अर्थ वेगळं, आणि मधून आमची वायर. त्या वायरीतून नको तो प्रवाह वाहतो.

याचा योग्य उपाय म्हणजे डीआय बॉक्स. मुठीत मावेल एवढा डबा. बेसचा नाजूक सिग्नल तो लांब वायरीतून जायला लायक करतो, म्हणजे वरचे सूर वाटेत गळत नाहीत. आणि त्यावर एक खटका असतो, तो दाबला की ऑडिओच्या वायरीतला अर्थचा दुवा तुटतो आणि गुणगुण थांबते. विजेच्या प्लगचं अर्थ तसंच शाबूत राहतं. आमच्या मते बेसवाल्यानं बेसनंतर पहिली खरेदी ही करावी, मोठा अॅम्प नंतर.

चुकीचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायची. गुणगुण थांबते, लोक म्हणतात वा! पण आता अॅम्पच्या आत काही बिघडलं तर वीज जमिनीत न जाता तारांवर येऊन थांबते. तुमचे हात तारांवर आणि ओठ माईकला. माईकचं अर्थ दुसरीकडून आलेलं. मधला रस्ता तुमच्या छातीतून. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वे नावाचा गिटारवादक भर स्टेजवर असाच गेला. अर्थ नसलेला माईक आणि हातात गिटार. वय अवघं 27.

आपल्याकडं हा धोका जास्त आहे. जत्रेत वीज कुठून येते? कुणाच्या तरी घरातून, खांबावरच्या आकड्यावरून, जनरेटरवरून, नाहीतर शेजारच्या लूमच्या शेडमधून. शेडमध्ये थ्री फेज असतो. एका फेजला 230 व्होल्ट, पण दोन फेजच्या मध्ये 400 च्या वर. स्टेजचा एक बोर्ड एका फेजवर आणि दुसरा दुसऱ्यावर असला आणि न्यूट्रल सुटला, तर सामान जळतंच, माणूसही जाऊ शकतो. म्हणून आम्ही बॅगेत तीन वस्तू ठेवतो : टेस्टर, साधा मल्टिमीटर आणि स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड. पोचल्यावर आधी सगळ्या वादकांची वीज एकाच ठिकाणाहून घ्यायची. मग सामान चालू करून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बेसच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला. आकडा शून्याजवळ आला तर ठीक. वीस-तीस व्होल्ट जरी दिसले तरी वाजवायचं नाही, आधी वायरमनला बोलवायचं. स्टेजखाली लोक ओरडत असतात, "चालू करा की!" ओरडू दे. यात दोन मिनिटं जातात.

आता प्रत्यक्ष वाजवण्याबद्दल. आमच्या एका आठवड्यात काय काय येतं बघा. बुधवारी हळद, तिथं 2016 च्या 'सैराट'नंतर काय फर्माईश येते ते सांगायला नको. शुक्रवारी भजनसंध्या. शनिवारी सीमेपलीकडच्या गावात उरूस, तिथं निम्मी गाणी कन्नड. रविवारी कामगार वस्तीत कार्यक्रम, तिथं भोजपुरी हवं, राजस्थानीही हवं. मागावर कामाला माणसं लांबून आलेली आहेत, त्यांना त्यांच्या गावचं ऐकायचं असतं. गायकाला भाषा यावी लागते. बेसवाल्याला फक्त पट्टी आणि ठेका. म्हणून आमचं काम सगळ्यांत सोपं, असं लोक म्हणतात.

पण प्रत्येक ठिकाणी वाजवणं वेगळं. लावणीत ढोलकी असते. तिची धुमाची बाजू, किंवा तबल्याचा डग्गा, हे आमच्याच घरात राहतात, आमच्याच खालच्या सुरांत. डग्गा घुमत असताना आम्ही लांब सूर धरला तर दोन्हींचा चिखल होतो. मग काय करायचं? तळहाताची कड तारांवर ठेवून सूर तोडून वाजवायचा, 'धुम्' करून लगेच गप्प. ढोलकीवाला वरच्या बाजूला खेळत असेल तेव्हा आपण थोडं बोलायचं, तो धुमावर आला की आपण थांबायचं. अभंगाला याच्या उलट. तिथं तंबोऱ्याचा षड्ज-पंचम चालू असतो, सिनेमाच्या गाण्यासारखे कॉर्ड बदलत बसलं तर रागाचा रंगच बदलतो. तिथं षड्ज धरून ठेवायचा, पंचमाला जाऊन यायचं, आणि गायकाच्या मागं चालायचं. हे शिकवणारं पुस्तक आम्हाला मिळालेलं नाही. ढोलकीवाल्याच्या शेजारी बसून हे शिकलो.

लयीबद्दल एक गोष्ट इथल्या माणसाला पटेल. साधा माग मिनिटाला सव्वाशेच्या आसपास फेरे मारतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या हा धोटा आपल्या कानात चालू आहे. नाचाची गाणीही बहुतेक मिनिटाला 120-130 ठोक्यांचीच असतात. शेडमध्ये वाढलेल्या पोराला ही लय मोजून द्यावी लागत नाही. फक्त माग कधी थांबत नाही आणि गाण्यात थांबावं लागतं, तेवढं शिकवावं लागतं.

आता जरा कटू बोलतो. ऑर्केस्ट्राचं बजेट कमी झालं की पहिली काट बेसवाल्यावर पडते. गायकाला काढता येत नाही, ढोलकी दिसते, ऑक्टोपॅड चमकतो. बेस? "कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवेल." किंवा पेनड्राइव्हवर ट्रॅक लावतात, त्यात बेस आधीच भरलेला. एका माणसाची नाइट वाचते, गाडीत जागा होते. ही भीती जुनीच आहे. 1981 मध्ये जपानच्या रोलँड कंपनीनं टीबी-303 नावाचं छोटं यंत्र आणलं, बेसवाल्याशिवाय बेस वाजवणारं. ते त्या कामात फारसं चाललं नाही आणि तीन वर्षांत बंद झालं. मधल्या काळात, 1982 मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकानं तेच यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा ती फारशी विकली गेली नाही, वीस-पंचवीस वर्षांनी जगभरात तिचं कौतुक झालं. यंत्र आलं म्हणून वादक संपतोच असं नाही, हे त्यातून दिसतं.

पण तेवढ्यावर आम्ही समाधानी नाही, कारण प्रश्न पोटाचा आहे. म्हणून ट्रॅकला काय जमत नाही ते स्पष्ट सांगतो. नवरी मांडवाच्या दारात अडली, गायकाला मुखडा चार वेळा जास्त म्हणायचाय, ट्रॅक थांबत नाही. गायिकेचा घसा बसला, पट्टी अर्ध्या सुरानं खाली घ्यायचीय, तेही आत्ता. गायक अंतरा विसरून थेट दुसऱ्या कडव्यावर गेला. अशा वेळी बेसवाला खालून सूर देतो, 'इथं आहोत बघ', आणि सगळा ताफा त्या सुरावर येऊन उभा राहतो. लोकांना वाटतं गायकानं सांभाळलं. ज्या ठिकाणी सगळं ठरल्याप्रमाणं होतं तिथं ट्रॅक लावा, आमची हरकत नाही. आमच्या बघण्यात असं लग्न अजून आलेलं नाही.

शेवटचा मुद्दा कानाचा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सरकार 12 वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. हे डेसिबल मोजताना मीटर कानासारखं ऐकतं, म्हणजे खालचे सूर कमी धरतं. 40 हर्ट्झचा आवाज ते सुमारे 35 डेसिबलनं कमी दाखवतं, 100 हर्ट्झचा 19 नं. म्हणून स्पीकरच्या भिंतीपुढं खिडक्यांची तावदानं थरथरत असतात आणि आकडा त्या मानानं लहान दिसतो. रस्त्यावरच्या आजारी माणसाला मात्र तो सगळा आवाज पोचतो. आम्ही स्वतः खालचा सूर वाजवणारे लोक आहोत, म्हणून हे आम्हीच बोललं पाहिजे.

आणि आमच्या स्वतःच्या कानांचं काय? 85 डेसिबलमध्ये आठ तास, ही सुरक्षित मर्यादा मानतात. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. लूमच्या शेडमध्ये आवाज 90 च्या वर असतो. म्हणजे दिवसभर माग चालवून जो पोरगा संध्याकाळी बेस घेऊन येतो, त्याचा दिवसाचा वाटा दुपारीच संपलेला असतो. कार्यक्रमाचे चार तास उधारीवर. कानात कापसाचा बोळा घालतात, आपल्याकडं कापसाला तोटा नाही. पण त्यानं फारसं काही अडत नाही. केमिस्टकडं मिळणारे फोमचे प्लग वीस-तीस रुपयांत चांगलं काम करतात. नीट पिळून, कान वर ओढून आत घालावे लागतात. त्यांनी वरचे सूर जास्त कापले जातात, गायक दबका वाटतो, पण बेस छान ऐकू येतो. बेसवाल्याला प्लग न घालायला कारणच उरत नाही.

प्रश्नोत्तरं

श्रोता : मुलगा बारावीला आहे, बेस शिकायचा म्हणतो. किती खर्च येईल?

सुरुवातीला वापरलेला चार तारांचा बेस घ्या. देशी असो की परदेशी, नावापेक्षा दांडा सरळ आहे का ते बघा. डोळा दांड्याच्या टोकाला लावून बंदुकीसारखं बघायचं. प्रत्येक पट्टीवर सूर वाजवून खरखर तपासा. नवीन तारा, रुंद पट्टा, कारण बेस चार किलोच्या आसपास असतो आणि खांदा धरतो, आणि हेडफोनवर ऐकायचा छोटा अॅम्प. शेजारी तुमचे आभार मानतील. मोठा अॅम्प पहिल्या वर्षी नको. आणि पेटीवर बारा पट्ट्या ओळखायला शिकवा, ते फुकट आहे.

श्रोता : बॅटरीचा बेस चांगला की बिनबॅटरीचा?

दोन्ही चांगले. बॅटरीच्या बेसला 9 व्होल्टचा सेल लागतो आणि त्याला आवाजाची जास्त बटणं असतात. पण वायर बेसला खोचलेली राहिली की सेल आतून चालूच असतो. घरी आल्यावर वायर काढायची सवय नसेल तर बिनबॅटरीचा घ्या. जत्रेत रात्री अकरा वाजता 9 व्होल्टचा सेल देणारं दुकान उघडं नसतं.

श्रोता : मी स्वतः शेडमध्ये आहे, अठरा वर्षं झाली. कानात शिट्टी वाजते. आता बेस शिकलो तर चालेल का?

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन ऐकण्याची तपासणी करून घ्या. अर्ध्या तासाची असते, दुखत नाही. मागाच्या आवाजानं सहसा आधी जातात ते वरचे सूर, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. खालचे सूर बरेचदा शाबूत असतात. त्यामुळं तुम्हाला बेस ऐकू येईल, बोटांतही जाणवेल. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं. शेडमध्येही प्लग घाला, सुटीच्या दिवशी कान शांत ठेवा, आणि घरी हेडफोनचा आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका. डॉक्टर हो म्हणाले की या, रविवारी सकाळी आम्ही बसतोच. तार कशी लावायची ते तुम्हाला सांगायची गरज पडणार नाही.